पाठवणारे आणि पाठवलेले

चेन्नईत मी १९९८ साली नोकरीनिमित्त राहायला आले तेव्हा तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. बसमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, ऑफिसात जे कानावर पडे त्यातून एकेक शब्द उचलत गेले. असाच एक शब्द ‘कीळपाक्कम’. इंग्रजांच्या तोंडी त्याचं ‘किलपॉक’ झालं आणि पाट्यांवर तेच राहिलं. शहरातला हा एक जुना, बऱ्यापैकी सुखवस्तू भाग. पण आडव्या आलेल्या स्कूटरवाल्यावर ऑटोवाला हे नाव फेकी, किंवा साहेबांच्या नव्या फतव्यावर ऑफिसातली मैत्रीण ते हसत उच्चारी, तेव्हा तिथल्या घरांशी त्याचा संबंध नसे. अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही. मी ठाण्याची. कॉलेजात ‘कुठली?’ या प्रश्नाला ‘ठाण्याची’ असं उत्तर दिलं की समोरचा हसायचा, आणि आपणही हसायचं असतं हे मी लवकर शिकले होते.

या अंकाच्या बहुतेक वाचकांच्या भाषेत असं एखादं गाव असेल. पुण्यात येरवडा, हिंदीत आग्रा किंवा रांची, हैदराबादेत एर्रगड्डा, मलयाळममध्ये कुतिरवट्टम. इतक्या भाषा, इतकी साहित्यं, पण या एका बाबतीत सगळ्यांची युक्ती सारखीच: आजाराचं नाव घ्यायचं नाही, माणसाचंही नाही, मनोरुग्णालय जिथे आहे त्या जागेचं नाव घ्यायचं. मराठीत तर आणखी एक योगायोग आहे. ठाणे आणि येरवडा या दोन्ही ठिकाणी मनोरुग्णालय आहे आणि मध्यवर्ती कारागृहही. ‘येरवड्याला पाठवा’ म्हणणाऱ्याला यातलं नेमकं काय अभिप्रेत आहे, हे पुष्कळदा त्यालाही सांगता येणार नाही.

या वाक्प्रचाराचं व्याकरण पाहावं. वाक्य जवळजवळ नेहमी आज्ञार्थी असतं: ‘याला पाठवा.’ बोलणारा शहाणा, ज्याला उद्देशून बोललं जातं तोही शहाणा, आणि ज्याच्याविषयी चाललंय तो ‘याला’ एवढ्या एका शब्दात, कर्म म्हणून. तो समोर उभा असला तरी त्याच्याशी कुणी बोलत नाही. सक्तीच्या मानसोपचाराचा नैतिक प्रश्न या वाक्यात पुरता सामावलेला आहे असं मला वाटतं. सक्ती कधीच करू नये की क्वचित करावी, यावर मतभेद होतील आणि ते व्हावेत. पण त्याआधीचा प्रश्न असा, की हा माणूस आपल्या गोष्टीत कर्ता कधी होणार? आपल्या कथा-सिनेमांनी आणि आपल्या कायद्यांनी याला काय उत्तर दिलं, हे मला तपासायचं आहे.

सुरुवात मंटोपासून करते, कारण त्यांनी हा वाक्प्रचार उलटा केला. ‘टोबा टेक सिंग’मध्ये फाळणीनंतर दोन सरकारं वेड्यांची अदलाबदल ठरवतात. दोन्ही बाजूंचे शहाणे बसून ठरवतात, आणि ज्यांना हलवायचं त्यांना विचारावं हे कुणाच्या मनात येत नाही. बिशन सिंग मात्र एकाच गोष्टीचा पत्ता काढत राहतो: आपलं गाव कुठे आहे? गावाचं नाव हळूहळू त्याचंच नाव होतं. आपण रुग्णालयाच्या गावाला शिवी केलं. मंटोंनी रुग्णाच्या गावाला त्याचं नाव केलं. पाठवायची वेळ येते तेव्हा तो जात नाही, दोन सीमांच्या मधल्या जमिनीवर आडवा होतो. त्याच्या हाती नकार द्यायला तेवढंच शिल्लक होतं.

आता खऱ्या किलपॉककडे. मद्रासमध्ये वेड्यांसाठीची पहिली जागा १७९४ साली उघडली. आजच्या ठिकाणी ती संस्था १८७१ मध्ये आली. आधी ल्युनॅटिक असायलम, मग १९२२ पासून मेंटल हॉस्पिटल, आणि १९७८ पासून इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ. मराठीतही हाच प्रवास झाला: वेड्यांचं इस्पितळ, मग मनोरुग्णालय. पाट्या बदलतात ते निव्वळ ढोंग असतं असं मी म्हणणार नाही. १९६१ ते १९७८ या काळात डॉ. शारदा मेनन इथे प्रमुख होत्या. देशातल्या पहिल्या स्त्री मानसोपचारतज्ज्ञ म्हणून त्या ओळखल्या जातात. निवृत्तीनंतर १९८४ मध्ये त्यांनी ‘स्कार्फ’ ही स्किझोफ्रेनियावर काम करणारी संस्था याच शहरात सुरू केली. रुग्णाला बरं करून पाठवायचं कुठे, हा प्रश्न त्यांच्या कामाच्या मध्यभागी होता. १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘द बनियन’ सुरू केलं. म्हणजे ज्या शहराच्या बोलीत किलपॉक ही थट्टा आहे, त्याच शहरात या थट्टेला उत्तर देणारं कामही झालं. तमिळ सिनेमा मात्र यातलं फारसं काही पाहायला तयार नव्हता.

डिसेंबर १९९९ मध्ये बाला या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट ‘सेतु’ आला. विक्रमला नट म्हणून ओळख मिळाली ती याने. तमिळमधल्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. मी तो तेव्हा अर्धवट तमिळच्या आधाराने पाहिला, आणि पुढे दोनदा. कॉलेजातला दांडगट सेतु डोक्याला मार लागून भ्रमिष्ट होतो. डॉक्टरी उपाय संपल्यावर त्याला एका मठवजा ठिकाणी ठेवतात. मुंडन, साखळ्या. सगळ्यात असह्य भाग पुढे आहे: सेतु बरा होतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. प्रेयसी येते तेव्हा तो झोपलेला असतो. जाग येऊन तो हाका मारतो, तर ती हाक तिथल्या इतर आरडाओरड्यासारखीच ठरते. तो निसटून घरी पोचतो, तोवर ती या जगात नसते. मग तो स्वतःच पाठ फिरवतो आणि परत मठात जातो.

समीक्षकांनी याला शोकांतिका म्हटलं आणि ती आहेच. पण सेतुच्या वाट्याला आलेलं दुःख दैवाचं नाही. ते एका व्यवस्थेचं आहे, किंवा व्यवस्था नसल्याचं. तिथे आत यायला दार आहे. आतल्या माणसाची पुन्हा तपासणी करणारं, ‘याला अजून इथे ठेवण्याचं कारण काय?’ असं विचारणारं कुणी नाही. बालांनी ते अचूक दाखवलं. पण सिनेमाला त्याचा राग नाही, त्याला फक्त त्याचं दुःख आहे. साखळी ही प्रेमभंगाची प्रतिमा म्हणून येते. आपणही डोळे पुसून बाहेर पडलो आणि साखळी तिथेच राहिली.

‘सेतु’नंतर दोन वर्षंही झाली नव्हती. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी ‘मेंटल होम’च्या झोपडीला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. दर्ग्याच्या पुण्याईने आजार उतरेल या आशेने त्यांना घरच्यांनीच तिथे आणून सोडलं होतं. नंतर तिथली अशी घरं बंद झाली आणि अनेक रुग्णांना चेन्नईला, किलपॉकला आणलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या खटल्याचं शीर्षक कायद्याच्या पुस्तकांत आहे. मराठीत त्याचा आशय असा होईल: ‘तमिळनाडूतल्या आश्रमातील आगीत साखळबंद २५ निवासींचा मृत्यू’. आकडा मागून वाढला, शीर्षक तेच राहिलं. खटले माणसांच्या नावांनी ओळखले जातात. इथे नावं नाहीत, एक विशेषण आहे आणि एक संख्या, तीही अपुरी.

आणि तरीही २००३ मध्ये ‘सेतु’चं हिंदी रूप ‘तेरे नाम’ आलं तेव्हा साखळी आणि मुंडन तसंच पडद्यावर होतं. पोरांनी सलमानचे मधोमध भांग पाडलेले लांब केस उचलले, गल्लोगल्ली. त्याच डोक्याचं पुढे सक्तीने मुंडन होतं हे कुणी लक्षात ठेवलं नाही. एरवाडीची बातमी वाचलेल्या देशाने ते दृश्य पुन्हा एकदा प्रेमकथेचा शेवट म्हणून पाहिलं.

दुसऱ्यांविषयी एवढं लिहिल्यावर स्वतःचं सांगायला हवं. २००४ साली मी माझ्या मावशीला दाखल केलं. काका गेल्यावर ती आमच्याकडे चेन्नईला आली होती. सहा-सात आठवडे ती जवळजवळ झोपली नव्हती. पाण्यात काहीतरी घातलंय म्हणून पाणी पीत नव्हती. एका रात्री दोन वाजता ती रस्त्यावर गेली आणि शेजारच्या दोघांनी तिला धरून आणलं. दवाखान्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही. तेव्हा १९८७चा कायदा होता: स्वतःहून यायला तयार नसलेल्या माणसासाठी नातेवाइकाने अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले, आणि मुदत ९० दिवसांपर्यंत. ‘अर्जदार’ या शब्दापुढे मी सही केली. त्या कागदावर मावशी नव्हती असं नाही. तिचं नाव, वय, माझ्याशी नातं, सगळं होतं. पण कागद माझा होता. ती बाकावर बसून आमच्याकडे बघत होती. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलत होते, आया एकमेकींत तमिळमध्ये, आणि तिला समजणाऱ्या भाषेत तिच्याशी त्या अर्ध्या तासात कुणीच बोललं नाही. मीसुद्धा नाही. मला वाटत होतं, बोलले तर रडेन.

ती बरी झाली. औषध लागू पडलं, पाच आठवड्यांनी घरी आली. त्या रात्रीनंतर दुसरा मार्ग होता का, हे मला आजही ठाऊक नाही. सक्ती म्हणजे निव्वळ क्रौर्य असं म्हणणाऱ्यांनी ती रात्र पाहिलेली नसते. आणि ‘बरी झाली ना, मग झालं’ असं म्हणणाऱ्यांनी नंतरची वीस वर्षं पाहिलेली नसतात. मावशी मला रागावली नाही कधी. एकदाच भाजी निवडता निवडता म्हणाली, “अगं, मी गेलेही असते. तू विचारलंच नाहीस.”

या वाक्यानंतर मी पूर्वी आवडलेल्या कलाकृती पुन्हा पाहिल्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा स्किझोफ्रेनियावरचा मराठीतला महत्त्वाचा चित्रपट. त्यामागे कॅलगरीला स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी होते. घरातल्या आजारामुळे त्यांनी पुण्यात या विषयावर संस्थात्मक कामही उभं केलं होतं. अतुल कुलकर्णींचा शेष ज्या जगात राहतो ते जग चित्रपट आतून दाखवतो, त्याची टर उडवत नाही, आणि ‘सेतु’तली साखळी इथे कुठे नाही. तरी ‘देवराई’ मला शेवटी बहिणीचा, सीनाचा चित्रपट वाटतो. तिची ओढाताण, तिचा संसार, तिचे निर्णय. शेषचं दुःख आपल्याला दिसतं, त्याचं मत फारसं ऐकू येत नाही. हा दोष म्हणून मी सांगत नाही. सीनाच्या जागी मी उभी राहिले आहे. पण तो पाहून आपण पाठवणाऱ्यांविषयी जितके हळवे झालो तितके पाठवल्या जाणाऱ्यांविषयी सजग झालो नाही.

जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) इंग्रजीत आहे, पण माहीमच्या एका छोट्या फ्लॅटमधली. आणि ‘बलुतं’ इंग्रजीत नेणारा हा लेखक मराठीला परका नाही. आईचा आजार, तिचे आत्महत्येचे प्रयत्न, जे. जे. रुग्णालयाचा वॉर्ड नंबर ३३. इथेही निवेदक पाठवणाऱ्यांपैकीच आहे, मुलगा. फरक असा, की पुस्तकाचा मोठा भाग एमच्या बोलण्याने आणि तिच्या पत्रांनी व्यापलेला आहे. ती विनोद करते, घायाळ करते, खोटं बोलते, विषय बदलते. निवेदक तिला आवरत नाही. आजारी माणसाचं बोलणं हे लक्षण आहे की म्हणणं, हा मानसोपचारातला सर्वात अवघड प्रश्न. कादंबरी त्याचं उत्तर देत नाही. ती दोन्ही शक्यता उघड्या ठेवून ऐकत राहते. दाखल करून घेणाऱ्या खोलीत एवढं ऐकणारा एक माणूस असता तरी पुष्कळ झालं असतं.

आता कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. मी वकील नाही. तो मी मजकूर म्हणून वाचला. पहिल्या वाचनात एक शब्द टोचला. स्वतःहून दाखल होण्याला हा कायदा ‘इंडिपेंडंट ॲडमिशन’ म्हणतो, आणि ज्याला आपण सक्तीचं म्हणू त्याला ‘सपोर्टेड ॲडमिशन’. कलम ८९. सक्तीला आधार म्हणायचं! ‘याला पाठवा’ निदान खरं बोलत होतं. पण पुढे वाचलं की या गोड शब्दाखाली काटेरी अटी दिसतात: दोन स्वतंत्र तपासण्या, स्वतःला वा इतरांना धोका किंवा स्वतःची काळजीच न घेता येण्याची अवस्था, याहून कमी बंधनाचा मार्ग नसल्याची खात्री, ३० दिवसांची मुदत, पुनर्विलोकन मंडळाला कळवणं आणि त्या मंडळाकडे दाद मागण्याचा रुग्णाचा हक्क. सेतुला जे मिळालं नाही ते इथे कागदावर आहे.

दुसरं, कलम ४. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. हे वाक्य मराठी कुटुंबात मोठ्याने वाचून दाखवावं, मनोरुग्ण घरात असो वा नसो. तिसरं, कलम २०: सक्तीने मुंडन करता येणार नाही, स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेश लादता येणार नाही. आणि कलम ९५: साखळीने बांधणं, कुठल्याही प्रकारे, बंद, भूल न देता शॉक देणं बंद. पडद्यावर वेड ओळखू यावं म्हणून ज्या खुणा आपण वर्षानुवर्षं वापरल्या त्यांतल्या कित्येक आता हक्कभंगाच्या खुणा आहेत. सिनेमावाल्यांना याची खबर लागल्याचं मला अजून दिसलेलं नाही.

पण एका वाङ्मयीन नियतकालिकाने या कायद्याकडे पाहावं ते कलम ५ साठी. कुठल्याही सज्ञान व्यक्तीला, आजार असो वा नसो, आधीच लिहून ठेवता येतं: उद्या मला मानसिक आजार झाला आणि मला ठरवता येईनासं झालं, तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, आणि माझ्या वतीने कुणी बोलावं. याला अग्रिम निर्देश म्हणतात. तातडीच्या प्रसंगी तो लागू होत नाही आणि मंडळ तो बदलूही शकतं, म्हणजे तो सर्वशक्तिमान नाही. तरीही रुग्णाचं प्रथमपुरुषी वाक्य आजाराच्या आधी येतं आणि आजारातही टिकतं, असा लेखनप्रकार आपल्या कायद्यात यापूर्वी नव्हता. कथा-सिनेमात जे पाठवणाऱ्याच्या तोंडून कळत होतं ते इथे पाठवल्या जाणाऱ्याने लिहायचं आहे.

हेही पुरेसं नाही असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं ऐकायला हवं. पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर यांनी (त्यांचं २०२४ मध्ये निधन झालं) सक्तीचा मानसोपचार मुळातच नाकारला. भारताने २००७ मध्ये मान्य केलेला अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार सर्वांना कायद्यापुढे समान क्षमता देतो; मग मनाच्या आजाराला अपवाद का, हा त्यांचा प्रश्न. दावर स्वतः एका मनोरुग्ण म्हणवल्या गेलेल्या आईची मुलगी होत्या, त्यामुळे तो प्रश्न पुस्तकी नव्हता. २००४ची ती रात्र आठवून मी त्यांच्याशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. पण एवढं मान्य करते, की ‘दुसरा मार्ग नव्हता’ हे मी म्हणते तेव्हा बाकीचे मार्ग शोधून संपलेले नव्हते. मी शोधलेच नव्हते.

मागच्या वर्षी मावशीने आपला निर्देश लिहिला. ती आता सत्तरीत आहे. औषधं चालू आहेत, रोज सकाळी देवळापर्यंत चालत जाते, तमिळ माझ्यापेक्षा बरं बोलते. लिहिलं मात्र मराठीत, दोन पानं. चष्मा काढून घेऊ नये. केसांना हात लावू नये. बांधू नये. अमुक गोळीने जीभ जड होते, ती नको. आणि पहिल्याच ओळीत: मला आधी विचारावं. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. पण तिने लिहिलेलं इथल्या डॉक्टरांना समजायला भाषांतर हवं. ते काम माझ्याकडे आलं.

मी इंग्रजीत केलं आणि तिला वाचून दाखवलं. पहिल्या ओळीवर तिने थांबवलं. मी जे क्रियापद वापरलं होतं त्याचा अर्थ ‘मला आधी कळवावं’ असा होत होता. “कळवणं वेगळं,” ती म्हणाली. मी ते खोडलं आणि तिच्यासमोर बसून ती ओळ पुन्हा लिहिली.